नेपाळमधील लहान विमानांचे अपघात

नेपाळमधील लहान विमानांचे अपघात : नेपाळच्या डोंगराळ प्रदेशात प्रवासी व मालवाहतूक करणाऱ्या, सामान्यतः १९ किंवा त्यांहून कमी आसनांच्या विमानांना झालेले अपघात व त्यांची कारणे यांचा विचार प्रस्तुत नोंदीत केला आहे. मोठ्या जेट विमानांचे व हेलिकॉप्टरांचे अपघात येथे विचारात घेतलेले नाहीत. लहान विमान हे नेपाळमध्ये चैनीचे वाहन नाही. ज्या दुर्गम जिल्ह्यांत अनेक दशके मोटार रस्ता पोहोचला नव्हता, तेथे धान्य, औषधे, शिक्षक, रुग्ण व टपाल यांची ने-आण याच विमानांनी केली. यामुळे तेथील अपघातांचा इतिहास हा त्या देशाच्या दळणवळणाच्या इतिहासाचाच एक भाग ठरतो. या अपघातांचे खापर बहुधा हिमालयावर व लहरी हवामानावर फोडले जाते. तथापि चौकशी आयोगांचे अहवाल एकत्र पाहिले असता पर्वत व ढग हे अपघाताची पार्श्वभूमी असून त्यांत शिरण्याचा निर्णय माणसाचा असतो, असे दिसून येते. तो निर्णय पुनःपुन्हा का घेतला गेला, हा या विषयातील मुख्य प्रश्न होय.

भूरचना व हवामान : नेपाळची दक्षिणोत्तर रुंदी सरासरी २०० किमी.पेक्षा कमी आहे. एवढ्या अंतरात समुद्रसपाटीपासून १०० मी.हून कमी उंचीच्या तराईच्या सपाट भागापासून ८,८४८.८६ मी. उंचीच्या एव्हरेस्ट शिखरापर्यंत भूमी चढत जाते. जगातील ८,००० मी.हून उंच अशा चौदा शिखरांपैकी आठ शिखरे या देशात अथवा त्याच्या सीमेवर आहेत. काली गंडकी, कर्णाली, दूधकोसी इ. नद्यांनी या पर्वतरांगा कापून खोल दऱ्या निर्माण केल्या असून विमानांचे मार्ग प्रायः या दऱ्यांतूनच जातात. कारण लहान विमानांतील प्रवासी कक्षात दाबनियंत्रणाची सोय बहुधा नसते व सर्व शिखरांवरून उडत जाण्याइतकी उंची त्यांना गाठता येत नाही.

दरीतील हवेचे स्वतःचे वेळापत्रक असते. सूर्य वर येऊ लागला की उत्तरेकडील उंच, कोरडे पठार तापते, तेथील हवा वर चढते आणि तिची जागा घेण्यासाठी दक्षिणेकडील हवा दरीतून वेगाने वर ओढली जाते. काली गंडकीच्या दरीत हा वारा सकाळी उशिरा सुरू होऊन दुपारी अतिशय जोरदार होतो. म्हणून जोमसोमसारख्या विमानतळांवरील उड्डाणे सकाळच्या काही तासांपुरती मर्यादित असतात. पर्वताच्या दोन बाजूंच्या हवामानातही मोठा फरक असतो. सह्याद्रीच्या घाटमाथ्यावर मुसळधार पाऊस पडत असताना पूर्वेकडील पर्जन्यछायेतील तालुके कोरडे राहतात, हे महाराष्ट्रातील वाचकांच्या परिचयाचे आहे. अन्नपूर्णा पर्वतराजीच्या दोन अंगांना हाच प्रकार अधिक तीव्र स्वरूपात आढळतो. दक्षिणेकडील पोखरा परिसर नेपाळमधील सर्वाधिक पावसाचा, तर उत्तरेकडील जोमसोम जवळजवळ शुष्क आहे. यामुळे निघण्याचे ठिकाण निरभ्र, पोहोचण्याचे ठिकाणही निरभ्र आणि मधली दरी मात्र ढगांनी भरलेली, अशी परिस्थिती वारंवार उद्‌भवते. विमानाला उड्डाणाची परवानगी देताना दोन टोकांच्याच हवामानाचा विचार करण्याची जुनी पद्धत किती अपुरी होती, हे यावरून लक्षात येईल.

हवाई वाहतुकीची वाढ : नेपाळमधील विमानवाहतुकीचा आरंभ १९४९ साली झाला, असे मानतात. त्या वर्षी भारताच्या राजदूतांना घेऊन चार आसनांचे बीचक्राफ्ट बोनान्झा हे विमान काठमांडूच्या गौचर या गायरानावर उतरले. पुढील वर्षी डकोटा विमानाने गौचर ते कलकत्ता असे उड्डाण झाले. १९५५ मध्ये या विमानतळास राजे त्रिभुवन यांचे नाव देण्यात आले व १९५८ मध्ये शाही नेपाळ विमान कंपनी स्थापन झाली. आरंभीची डकोटा विमाने तराईतील मैदानांवर उपयुक्त होती; डोंगरातील आखूड व उतरत्या पट्ट्यांवर ती चालण्यासारखी नव्हती.

पर्वतीय प्रदेशात लहान विमानाची क्षमता व मर्यादा या दोन्हींचे दर्शन १९६० साली घडले. धौलागिरी शिखरावर गेलेल्या स्विस मोहिमेने सामान व गिर्यारोहक वर नेण्यासाठी पिलाटुस पोर्टर या नव्या स्विस विमानाचा उपयोग केला. ‘येती’ असे नाव दिलेले हे विमान सु. ५,७०० मी. उंचीवरील बर्फाच्छादित खिंडीत उतरले. त्याच वर्षी ५ मे रोजी दम्बुश खिंडीतून उड्डाण करताना ते कोसळले. दोन्ही वैमानिक बचावले व पायी खाली उतरले. मोहीमही काही दिवसांनी यशस्वी झाली. विमानाचे अवशेष मात्र त्या खिंडीत राहिले.

१९६४ मध्ये एव्हरेस्टविजेते एडमंड हिलरी यांच्या पुढाकाराने लुक्ला येथे धावपट्टी तयार करण्यात आली. शेर्पा वस्त्यांतील शाळा व रुग्णालय यांसाठी लागणारे साहित्य पोहोचविणे, हा तिचा मूळ हेतू होता. शेतकऱ्यांनी सपाट शेतजमीन देण्याचे नाकारल्याने उतारावरील जमीन घ्यावी लागली. मोकळी माती दाबून घट्ट करण्यासाठी शेर्पांच्या पाय आपटत नाचण्याच्या पद्धतीचा उपयोग केल्याचे हिलरी सांगत. पुढील दोन दशकांत जुम्ला, सिमिकोट, जोमसोम, फाप्लू इ. ठिकाणी अशाच आखूड धावपट्ट्या झाल्या. १९९२ मध्ये हे क्षेत्र खाजगी कंपन्यांना खुले करण्यात आले. त्यानंतर विमानांची व फेऱ्यांची संख्या झपाट्याने वाढली; परंतु हवामानकेंद्रे, मार्गदर्शक यंत्रणा, प्रशिक्षण व देखरेख यांची वाढ त्या प्रमाणात झाली नाही.

विमाने : या मार्गांवर मुख्यत्वे पाच-सहा प्रकारांची विमाने वापरली गेली. एका एंजिनाचे पिलाटुस पोर्टर हे त्यांतील आद्य होय. कॅनडातील डी हॅव्हिलंड कंपनीचे ट्विन ऑटर हे दोन टर्बोप्रॉप एंजिनांचे, सु. १९ प्रवासी नेणारे विमान १९६५ मध्ये प्रथम उडाले आणि १९७० नंतरच्या काळात नेपाळच्या डोंगरी वाहतुकीचा कणा बनले. आखूड धावपट्टी, न दुमडणारी भक्कम चाके व संथ गतीतही टिकणारे नियंत्रण हे त्याचे गुण होत. यांशिवाय जर्मन बनावटीचे डॉर्निअर २२८, चेक बनावटीचे लेट ४१० व अमेरिकन बीचक्राफ्ट १९०० ही विमानेही वापरात आली. ट्विन ऑटरचे उत्पादन १९८८ मध्ये थांबले व २०१० च्या सुमारास दुसऱ्या कंपनीने ते सुधारित रूपात पुन्हा सुरू केले. त्यामुळे एकाच मार्गावर तीस-चाळीस वर्षांची जुनी विमाने व अद्ययावत उपकरणांनी सज्ज अशी नवी विमाने शेजारीशेजारी उडताना दिसत. जुनी विमाने हेच अपघातांचे मूळ आहे काय, हे तपासण्यास यामुळे आपोआपच एक कसोटी उपलब्ध झाली. तिचा निष्कर्ष पुढे पोखरा–जोमसोम मार्गाच्या संदर्भात दिला आहे.

अपघातांची कारणे : एखाद्या अपघाताचे कारण क्वचितच एकच असते. तथापि विवेचनाच्या सोयीसाठी त्यांचे पुढीलप्रमाणे चार वर्ग करता येतील.

(१) ढगात शिरून डोंगरावर आदळणे : सर्वाधिक प्राणहानी या प्रकारात झाली आहे. यात विमानाची एंजिने व नियंत्रणे व्यवस्थित चालू असतात, वैमानिकाच्या हातात विमान पूर्णपणे असते आणि तरीही ते सरळ डोंगरावर जाऊन धडकते. कारण समोरचा डोंगर त्याला दिसत नसतो. दुर्गम विमानतळांना जाणारी उड्डाणे दृष्टीवर अवलंबून असतात. भूमी, दरीच्या भिंती व क्षितिज डोळ्यांना दिसत असतील, तरच पुढे जावयाचे आणि ढग आडवा आल्यास परतावयाचे, हा या उड्डाणांचा मूलभूत नियम होय. ढगात शिरताच हा आधार नाहीसा होतो. मानवी अंतर्कर्णातील तोल सांभाळणाऱ्या इंद्रियाला सावकाश होणारे वळण जाणवत नाही. विमान एका बाजूस कललेले असताना वैमानिकाला ते समतोल असल्यासारखे वाटते. उपकरणांवर पूर्ण भरवसा ठेवून उडण्याचा नित्य सराव नसेल, तर काही क्षणांतच त्याची दिशा चुकते. मैदानी प्रदेशात अशी चूक सुधारण्यास अवधी मिळतो. दरीत दोन्ही बाजूंना खडक असतात.

२७ जुलै २००० रोजी बझांगहून धनगढीस निघालेले ट्विन ऑटर विमान डोंगरावर आदळून २५ जण मृत्युमुखी पडले. १५ डिसेंबर २०१० रोजी लामीडांडाहून काठमांडूस येणाऱ्या विमानातील २२ जण अशाच प्रकारे मरण पावले. २५ सप्टेंबर २०११ रोजी एव्हरेस्टचे दर्शन घडवून परतणारे बीचक्राफ्ट विमान काठमांडूजवळ कोटडांडा येथे ढगात शिरून टेकडीवर आदळले. मृत १९ जणांत १० भारतीय होते. या अपघाताच्या चौकशीत वैमानिकाचा थकवा व दोघा वैमानिकांतील समन्वयाचा अभाव यांचाही उल्लेख झाला. १६ फेब्रुवारी २०१४ रोजी पोखऱ्याहून जुम्ल्यास जाणारे विमान अर्घाखांची जिल्ह्यात डोंगरावर आदळून १८ जण ठार झाले. बिघडत्या हवामानात आपण नेमके कोठे आहोत याचे भान मुख्य वैमानिकास राहिले नाही, असा चौकशीचा निष्कर्ष होता.

(२) अरुंद दरी व विरळ हवा : समुद्रसपाटीपासून २,८०० मी. उंचीवर हवेची घनता सु. एक चतुर्थांशाने कमी असते. यामुळे एंजिनाची शक्ती घटते आणि पंखांना तेवढेच उत्थापन बल मिळण्यासाठी विमानाला प्रत्यक्षात अधिक वेगाने जावे लागते. वेग वाढला की वळण्यास लागणारी जागा वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. ताशी २०० किमी. वेगाने व ३० अंश कलून वळणाऱ्या विमानास उलट दिशेने फिरण्यासाठी सु. १·१ किमी. रुंदीची जागा लागते. वेग ताशी २५० किमी. असल्यास ती सु. १·७ किमी. होते. दरी याहून अरुंद असेल, तर परत फिरण्याचा पर्याय उरत नाही. जागा कमी पडते म्हणून वैमानिकाने विमान अधिक कलविले, तर दुसरे संकट उभे राहते. ६० अंश कललेल्या व उंची न सोडता वळणाऱ्या विमानाला हवेत टिकून राहण्यासाठी सरळ उड्डाणातील किमान वेगापेक्षा सु. ४१ टक्के अधिक वेग लागतो. तो नसेल, तर पंखांवरील हवेचा प्रवाह तुटतो, उत्थापन बल ढासळते व विमान खाली कोसळते. यास्तव दरीत शिरताना परतीचे वळण कोठपर्यंत शक्य आहे, हे आधीच ठरवून ठेवणे आणि दरीच्या मध्यातून न जाता एका कडेने उडणे, हे पर्वतीय उड्डाणाचे प्राथमिक धडे मानले जातात.

(३) विमानतळांची रचना : लुक्ला विमानतळ सु. २,८४५ मी. उंचीवर असून त्याची धावपट्टी केवळ ५२७ मी. लांब आहे. तिला सु. १२ टक्के चढ असल्यामुळे दोन टोकांच्या उंचीत सु. ६० मी. फरक पडतो. उतरणारे विमान चढाने थांबते व निघणारे विमान उताराने वेग घेते. म्हणून सर्व विमाने दरीच्या बाजूने उतरतात व त्याच बाजूने उडतात. वरच्या टोकाला डोंगर असल्याने उतरण्याच्या अखेरच्या टप्प्यात बेत बदलून पुन्हा वर झेप घेणे शक्य नसते. ८ ऑक्टोबर २००८ रोजी उतरण्याच्या सुमारास धुके आले व ट्विन ऑटर विमान धावपट्टीच्या अलीकडील खडकावर आदळले. १९ पैकी १८ जण मरण पावले. केवळ मुख्य वैमानिक वाचला. २७ मे २०१७ रोजी लेट ४१० जातीचे मालवाहू विमान तेथेच उतरताना कोसळून दोन्ही वैमानिक मरण पावले. १४ एप्रिल २०१९ रोजी उड्डाणासाठी धावणारे त्याच जातीचे विमान धावपट्टी सोडून उजवीकडे वळले व उभ्या असलेल्या हेलिकॉप्टरवर आदळले. त्यात तिघांचा मृत्यू झाला. धावपट्टीलगत मोकळी जागा नसल्यास एरवी किरकोळ ठरली असती अशी चूकही प्राणघातक होते, हे या अपघाताने दाखविले.

(४) यांत्रिक बिघाड व उड्डाणपूर्व तपासणीतील चुका : या वर्गातील अपघात तुलनेने थोडे आहेत. ३१ मार्च १९७५ रोजी काठमांडूहून फाप्लूकडे निघालेले पिलाटुस पोर्टर विमान उड्डाण होताच कोसळले. विमान उभे असताना वाऱ्याने हलू नयेत म्हणून पंखांवरील एलेरॉन नावाच्या झडपा अडकवून ठेवतात. त्यांचा अडसर उड्डाणापूर्वी काढला गेला नव्हता. या अपघातात एडमंड हिलरी यांच्या पत्नी लुईस व कन्या बेलिंडा यांचा अंत झाला. फाप्लू येथे रुग्णालयाचे काम चालू होते व त्या हिलरींकडे निघाल्या होत्या. अत्यंत साधी तपासणी चुकल्याने झालेला हा अपघात असून त्याचा हवामानाशी काहीही संबंध नव्हता.

२४ ऑगस्ट २०१० रोजी लुक्ल्याचे हवामान बिघडल्यामुळे परतणाऱ्या डॉर्निअर विमानातील वीजजनित्रे निकामी झाली. विजेअभावी कृत्रिम क्षितिज दाखविणारे उपकरण बंद पडले व ढगात दिशाभ्रम होऊन विमान मकवानपूर जिल्ह्यात कोसळले. १४ जण ठार झाले. २८ सप्टेंबर २०१२ रोजी काठमांडूहून लुक्ल्यास निघालेले डॉर्निअर विमान उड्डाणानंतर लगेच कोसळून १९ जण मरण पावले. पक्षी धडकल्याने अपघात झाला, असे आरंभी सर्वत्र सांगण्यात आले होते. तथापि चौकशीत एंजिनात पक्षी शिरल्याचा पुरावा मिळाला नाही. धावपट्टीवर असतानाच विमानाचा वेग वाढणे थांबले होते व पुरेसा वेग नसताना ते जमिनीवरून उचलले गेले, असे आढळून आले. वेग का वाढला नाही, हे मात्र निश्चित ठरविता आले नाही. पहिल्या दिवशीचे कारण व चौकशीअंती ठरलेले कारण यांत किती अंतर असू शकते, याचे हे उदाहरण होय.

पोखरा–जोमसोम मार्ग : वरील कारणांचा परस्परसंबंध या एका मार्गावर स्पष्टपणे पाहावयास मिळतो. पोखरा येथून जोमसोम हे हवाई अंतर केवळ वीसेक मिनिटांचे आहे; मोटारीने मात्र हा प्रवास जवळजवळ दिवसभराचा होतो. मार्ग धौलागिरी (८,१६७ मी.) व अन्नपूर्णा (८,०९१ मी.) या शिखरांमधील काली गंडकीच्या दरीतून जातो. जोमसोम विमानतळ सु. २,७३६ मी. उंचीवर आहे. वैष्णवांना व बौद्धांना सारखेच पवित्र असलेले मुक्तिनाथ येथून जवळ असल्यामुळे भारतातून, त्यांत महाराष्ट्रातूनही, अनेक यात्रेकरू या मार्गाने जातात.

२२ ऑगस्ट २००२ रोजी, ऐन पावसाळ्यात, जोमसोमहून परतणारे ट्विन ऑटर विमान पोखऱ्याजवळ डोंगरावर आदळले व त्यातील सर्व १८ जण मरण पावले. १४ मे २०१२ रोजी सकाळी डॉर्निअर विमानाने जोमसोम येथे उतरण्याचा प्रयत्न सोडून दिला. माघारी वळत असताना त्याचा पंख डोंगराला लागला. २१ पैकी १५ जण मृत्यू पावले व त्यांत १३ भारतीय यात्रेकरू होते. २४ फेब्रुवारी २०१६ रोजी, हिवाळ्यात, पोखऱ्याहून निघालेले ट्विन ऑटर म्याग्दी जिल्ह्यात डोंगरावर आदळून २३ जण ठार झाले. २९ मे २०२२ रोजी, पावसाळ्याच्या तोंडावर, याच मार्गावरील ट्विन ऑटर मुस्तांग जिल्ह्यातील सानोसवरे येथील कड्यावर आदळले. मृत २२ जणांत महाराष्ट्रातून गेलेल्या प्रवाशांचाही समावेश होता. अवघ्या वीस मिनिटांच्या या मार्गावर दोन दशकांतील चार अपघातांत ७८ जणांनी प्राण गमावले.

हे अपघात वर्षाच्या निरनिराळ्या ऋतूंत झाले. तेव्हा कोणा एका ऋतूला दोष देता येत नाही. विमानाच्या वयाची गोष्टही तशीच आहे. २०२२ मधील विमान १९७९ साली बनलेले होते, तर २०१६ मधील विमान सुधारित बनावटीचे व ताफ्यात थोड्याच महिन्यांपूर्वी दाखल झालेले होते. जुने व नवे अशी दोन्ही विमाने त्याच दरीत, त्याच तऱ्हेने नष्ट झाली. २०१६ च्या अहवालात, हवामान प्रतिकूल असतानाही दृष्टीवर आधारित उड्डाणात वैमानिकांनी वारंवार ढगात शिरण्याचा घेतलेला निर्णय व त्यातून झालेला दिशाभ्रम, हे कारण नमूद केले गेले. २०२२ च्या अहवालाने ढगातून उडताना योग्य मार्ग न राखणे हे मुख्य कारण ठरविले. त्या वेळी भूमी जवळ आल्याचा इशारा देणारी यंत्रणा रोखून ठेवलेली होती, हेही त्यात नोंदविले आहे.

ही यंत्रणा का रोखली जाते, हे समजून घेतले पाहिजे. विमानाचे स्थान व साठविलेला भूनकाशा यांची तुलना करून समोर डोंगर असल्यास ती मोठ्याने इशारा देते. मैदानी विमानतळांच्या दृष्टीने तिची आखणी झालेली आहे. अरुंद दरीतून नित्य जाणाऱ्या विमानात निरभ्र दिवशीही ती सतत वाजत राहते. रोज खोटा ठरणारा इशारा ऐकण्याची कानाला सवय होते, पुढे तो नकोसा वाटू लागतो व अखेर बंद केला जातो. मग खऱ्या संकटाच्या दिवशी यंत्रणा विमानात असूनही नसल्यासारखी होते. सुरक्षेचे उपकरण केवळ बसविल्याने सुरक्षितता येत नाही. ज्या परिस्थितीत ते वापरावयाचे त्या परिस्थितीशी ते जुळणारे असावे लागते, हा यातून निघणारा धडा होय.

ढगात शिरण्याच्या निर्णयामागेही अशीच सवय असते. उड्डाणास अनुकूल असा काळ सकाळच्या मोजक्या तासांचा असतो. तेवढ्यात अनेक फेऱ्या उरकावयाच्या असतात. अडकून पडलेले प्रवासी विमानतळावर ताटकळत असतात. एक विमान नुकतेच पलीकडे पोहोचलेले असते. ढगाच्या विरळ पडद्यातून आरपार गेल्यावर पलीकडे दरी मोकळी मिळते, असा अनुभव अनेकदा आलेला असतो. नियम मोडूनही सुखरूप पोहोचल्याच्या प्रत्येक फेरीने तो नियम अधिक दुबळा होत जातो. अनुभव हा वैमानिकाचा मोठा आधार खरा. पण या परिस्थितीत अनुभवच त्याला पुढे जाण्यास उत्तेजन देतो. म्हणूनच यांतील काही अपघात दीर्घ अनुभव असलेल्या वैमानिकांच्या हातून घडलेले दिसतात.

चौकशी व नियमन : नेपाळमध्ये प्रत्येक मोठ्या अपघातानंतर सरकार स्वतंत्र चौकशी आयोग नेमत आले. या आयोगांच्या अहवालांत कारणे स्पष्ट शब्दांत मांडलेली असतात. तथापि असा आयोग अहवाल देऊन विसर्जित होतो. शिफारशींचे पुढे काय झाले, याचा पाठपुरावा करण्यास तो उरत नाही. ढगात न शिरणे, हवामानाची माहिती सुधारणे, वैमानिकांच्या प्रशिक्षणात वाढ करणे अशा शिफारशी एकामागून एक अहवालांत पुन्हा आढळतात, त्याचे हे एक कारण होय.

नेपाळ नागरी उड्डयन प्राधिकरण हे १९९८ च्या अखेरीस स्थापन झाले. विमानतळ चालविणे व हवाई सेवा पुरविणे आणि त्याच सेवांवर सुरक्षिततेच्या दृष्टीने देखरेख ठेवणे, ही दोन्ही कामे त्याच्याकडे देण्यात आली. जो सेवा पुरवितो त्यानेच तिचे परीक्षण करावे, या व्यवस्थेवर आंतरराष्ट्रीय नागरी विमानवाहतूक संघटनेसह अनेकांनी आक्षेप घेतला. २०१३ मध्ये या संघटनेने नेपाळच्या देखरेखीतील त्रुटींविषयी गंभीर चिंता नोंदविली. ती २०१७ मध्ये मागे घेण्यात आली. डिसेंबर २०१३ मध्ये यूरोपीय संघाने नेपाळमधील सर्व विमान कंपन्यांना आपल्या हवाई क्षेत्रात बंदी केली. प्राधिकरणाचे विभाजन करून नियमन व सेवा वेगळ्या करण्याची विधेयके तयार झाली, परंतु ती वर्षानुवर्षे रखडली.

काही उपाय प्रत्यक्षात आले. लुक्ला व अन्य डोंगरी धावपट्ट्यांवर फरसबंदी झाली. लुक्ल्याची धावपट्टी २००१ मध्ये पक्की करण्यात आली. मे २०२२ मधील अपघातानंतर प्राधिकरणाने, केवळ दोन टोकांचे नव्हे तर संपूर्ण मार्गाचे हवामान अनुकूल असल्याखेरीज दृष्टीवर आधारित उड्डाणास परवानगी न देण्याचा आदेश काढला. २००२ पासूनच्या अनुभवाने सुचविलेला हा नियम वीस वर्षांनी लेखी स्वरूपात आला. अशा नियमाची परिणामकारकता मार्गावरील दऱ्याखोऱ्यांत हवामाननिरीक्षणाची किती केंद्रे आहेत यावर अवलंबून असते. दरीच्या मध्यभागी काय चालले आहे हे कोणी पाहत नसेल, तर नियम कागदावरच राहतो. हवामान दाखविणारे स्वयंचलित कॅमेरे खिंडींमध्ये बसविण्याचा प्रयोग अलास्कासारख्या डोंगराळ प्रदेशात उपयुक्त ठरलेला आहे.

समालोचन : नेपाळमधील रस्ते जसजसे वाढत गेले, तसतशा अनेक लहान धावपट्ट्या ओस पडल्या. जेथे रस्ता आला, तेथे प्रवाशांनी स्वस्त बसगाडी पत्करली. परंतु पश्चिमेकडील कर्णाली भागात व उंच हिमालयीन वस्त्यांत लहान विमानाची गरज संपलेली नाही. सरसकट बंदी घालून अपघात टळतील. पण ज्या रुग्णाला विमानावाचून रुग्णालय गाठता येत नाही, त्याच्या जिवाची किंमत त्या हिशेबात धरली जाणार नाही. म्हणून प्रश्न विमाने उडावी की नाही असा नसून, ती कोणत्या दिवशी उडू नयेत हे कोणी व कशाच्या आधारे ठरवावे, असा आहे. हा निर्णय एकट्या वैमानिकावर, तोही ढग समोर आल्यानंतर, सोपविला गेला तोवर तेच अपघात त्याच दऱ्यांत होत राहिले. परत फिरलेली फेरी हे अपयश न मानता सुरक्षित कामगिरी मानणारी कंपनी, तिला तसे करण्यास भाग पाडणारे स्वतंत्र नियामक मंडळ आणि मार्गावरील हवामानाची खात्रीलायक माहिती, या तीन गोष्टी एकत्र आल्या तरच या इतिहासाला वेगळे वळण लागू शकते. हिमालयाची उंची व वाऱ्याचे वेळापत्रक बदलता येणार नाही. माणसाच्या हाती असलेली कारणे मात्र या अहवालांनी वेळोवेळी दाखवून दिलेली आहेत.